टेलिंग काळं पडलंय : डिझेलसोबत प्रमोटर घातल्याने बारीक कोळसा वाचेल का?

वणीकर
नमस्कार मंडळी. मी मूळचा वणीचा. ९ वर्षांपासून झरिया कोळसापट्ट्यातल्या एका कोकिंग कोल वॉशरीत (पोलादासाठी लागणारा कोळसा धुण्याच्या कारखान्यात) फ्लोटेशनच्या शिफ्टवर आहे, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून बारीक कोळसा फेसात वर काढायचा आणि माती-दगड खाली सोडायचा. अर्ध्या मिलिमीटरखालचा सगळा माल आमच्या सेलमध्ये, म्हणजे त्या फेसाच्या टाक्यांत, येतो.

उन्हाळ्यापर्यंत फीडची (सेलमध्ये येणाऱ्या मालाची) राख २६ टक्के, फेसातल्या कोळशाची १६.५ आणि टेलिंगची (खाली उरून तळ्यात जाणाऱ्या गाळाची) ५८ असायची. म्हणजे यील्ड, फीडपैकी फेसात येणारा वाटा, ७७ टक्के. यार्डातला दोन वर्षं ऊन-पाऊस खाल्लेला ढीग उचलायला घेतला आणि टेलिंगची राख ४२ वर उतरली, म्हणजे त्यात कोळसा जाऊ लागला. फेसाची १६, यील्ड कसंबसं ६१-६२. १०० टन फीडमागे १५ टन चांगला कोळसा तळ्यात चाललाय. देश कोकिंग कोळसा ऑस्ट्रेलियाहून जहाजं भरून आणतो आणि इथे आपल्या हाताखालून तो पाण्यात जातो. शिफ्ट संपली तरी ते काळं पाणी डोळ्यांपुढून हलत नाही.

कोळसा बुडबुड्याला चिकटावा म्हणून घालतो ते डिझेल टनाला १ किलोवरून १.६ पर्यंत नेलं. उलट फेसच बसला. बुडबुडे मोठे, लगेच फुटणारे, वर तेलाचा तवंग. आता एक पुरवठादार प्रमोटर म्हणून, म्हणजे डिझेलला मदत करणारं, पिवळसर औषध घेऊन आलाय. बादलीत दाखवलं तेव्हा फेस काळाभोर आला. साहेब विचारतायत, घ्यायचं का? कुणी वापरलं असेल तर सांगा.

जुना वॉशरीवाला
वणीकर, ३१ वर्षं हेच काम केलं, आता नागपुरात असतो. औषधाआधी दुखणं कुठं आहे ते बघा. टेलिंगचा नमुना ०.२५, ०.१५ आणि ०.०७५ मिलिमीटरच्या चाळण्यांवर पाणी मारून चाळा आणि प्रत्येक थराची राख वेगळी काढा. वरच्या चाळणीवरचा माल काळा निघाला तर तो जाड कण बुडबुड्याला पेलत नाहीये. चिकटला तरी ढवळण्यात सुटतो. सेलच्या आधीची चाळणी फाटलेली नाही ना, तेही स्वतः हात लावून पाहा. मी एकदा तीन आठवडे औषधं बदलत बसलो होतो आणि भोक चाळणीला होतं.

दुसरं डिझेलचं. ते पाण्यात विरघळत नाही, त्याचे थेंब होतात. कंडिशनरमध्ये, म्हणजे सेलआधीच्या ढवळण्याच्या टाकीत, दोनच मिनिटं मिळाली तर थेंब जाडच राहतात. तुम्ही वाढवलेलं डिझेल कोळशावर बसलं नाही, त्याने फेस मारला. थोडं इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारं औषध) घालून ते पाण्यात जोरात घुसळून दुधासारखं करा आणि मग सोडा. सगळं एकदम ओतू नका. थोडं राखून तिसऱ्या सेलच्या तोंडाशी द्या.

राखमोजणी
काकांचं पटलं. मी कोळशाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून पृष्ठभागाबद्दल लिहिते.

ताज्या कोकिंग कोळशाला पाणी नको असतं, म्हणून तेल आणि हवा त्याला सहज धरतात. उघड्यावर पडला की हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर फिनॉल आणि कार्बोक्सिल गट तयार करतो. ते पाण्याला धरून ठेवतात आणि डिझेलला बसायला जागाच मिळत नाही. प्रमोटर बहुधा अशा रेणूंचा असतो ज्यांचं एक टोक या गटांना धरतं आणि दुसरं तेलाकडे वळतं. तुमच्या जुन्या ढिगाला त्याचा उपयोग होऊ शकतो, पण बादलीतला काळा फेस हा पुरावा नाही.

एकाच फीडचे सारखे भाग करा. प्रयोगशाळेच्या सेलमध्ये १५, ३०, ६० आणि १२० सेकंदांचा फेस वेगवेगळा गोळा करा. यील्ड आणि राख यांचा आलेख मांडा. प्रमोटरचे बिंदू डिझेलच्याच रेषेवर पडले तर तो फक्त जास्त माल ओढतोय; ते काम फ्रॉदर (फेस आणणारं औषध) वाढवूनही होतं. त्याच यील्डला राख कमी आली तरच पैसे द्या.

आणि चाचणी नळाच्या पाण्यावर नको. थिकनरचं, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीचं, परतीचं पाणी घ्या. त्यात उरलेला फ्रॉदर असतो, कधी फ्लॉक्युलंटही (गाळ लवकर बसावा म्हणून घालतात ते औषध), आणि तो चिकणमाती कोळशासकट गोळा करतो.

वणीकर
काका, ताई, १२ दिवसांनी लिहितोय.

चाळणी खरंच फाटली होती, हातभर. ती बदलल्यावर टेलिंगची राख ४२ वरून ४५. मग डिझेलचं दूध करून दोन ठिकाणी सोडलं, १.१ किलोवर ५० आली. फेसाची १६.४, यील्ड ७१. ढीग तोच, जुना.

प्रमोटरची चाचणी ताईंनी सांगितली तशी परतीच्या पाण्यावर केली. ७० यील्डला घुसळलेल्या डिझेलची राख १६.३, थोड्या प्रमोटरची १६.४. म्हणजे रेषा तीच. दुप्पट डोस दिला तर १८.१. पुरवठादार नेमका तोच डोस सुचवत होता. साहेबांसमोर आलेख ठेवला, खरेदी थांबली.

५८ मात्र अजून दूर आहे. कालपासून थिकनरवर पांढरट फेसाची साय धरतेय, आधी नव्हती. इमल्सिफायर पाण्यातून फिरून परत येतोय का? उद्यापासून परतीच्या पाण्याचे नमुने घेतो. ताई, दर शिफ्टला एक पुरेल का, की दर दोन तासांनी घेऊ?