लाईट जाऊन परत आली की डॉकवरचा मॉनिटर सुरू होताना पूर्ण सेशनच उडतं (उबंटू 24.04, वेलँड) - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी यावलकडचा. घरूनच ठिबकच्या लेआउटचं काम करतो, म्हणजे केळीच्या बागांचे गट क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर) ट्रेस करायचे, मेन, सबमेन, लॅटरल (मुख्य, उपमुख्य आणि ओळीतल्या नळ्या) टाकायच्या आणि नळीची लांबी काढून द्यायची. नकाशा मोठ्या 4के मॉनिटरवर आणि टेबल लॅपटॉपवर, असं दोन स्क्रीनवर चालतं.

लॅपटॉप इंटेल 12 व्या जनरेशनचा, ग्राफिक्स त्यातलंच (आय915 ड्रायव्हर), उबंटू 24.04 (लिनक्स), डेस्कटॉप ग्नोम 46. मॉनिटर यूएसबी-सी डॉकच्या (एकाच केबलने मॉनिटर वगैरे लॅपटॉपला जोडणारा डबा) डिस्प्लेपोर्टला. डॉक डिस्प्लेलिंकवाला (यूएसबी डेटातून चित्र पाठवणारा) नाही, एलएसयूएसबीमध्ये (यूएसबी उपकरणांची यादी) डिस्प्लेलिंकचा 17ई9 हा नंबर कुठेच दिसत नाही, म्हणजे ऑल्ट मोड (यूएसबी-सीमधून थेट डिस्प्लेपोर्ट) आणि आत एमएसटी हब (एका डिस्प्लेपोर्टवर अनेक मॉनिटर चालवणारा).

आता प्रॉब्लेम. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटीचा भरवसा नाही, वारं सुटलं की गेली. डॉक आणि मॉनिटर इन्व्हर्टरच्या लाईनीवर नाहीत, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. लाईट जाते तेव्हा काहीच बिघडत नाही, सगळ्या विंडो गुपचूप लॅपटॉपच्या स्क्रीनवर येऊन बसतात आणि काम चालू राहतं. गडबड होते ती लाईट परत आल्यावर, आधी डॉक जागा होतो, मग मॉनिटर, स्क्रीन दोनतीनदा काळी होते आणि एकदम लॉगिन स्क्रीन समोर! क्यूजीआयएस बंद, ब्राउझर बंद, लेयर सेव्ह केल्यानंतर जेवढं ट्रेस केलं असेल तेवढं गेलं, कारण एडिट सेव्ह करेपर्यंत ते मेमरीतच असतं. दर वेळी होत नाही, पण आठवड्यात होतंच होतं आणि पार्टीला लेआउट आजच हवा असतो भो.

जर्नलमध्ये (सिस्टिमचा लॉग) ग्नोम-शेलचा (ग्नोमचा मुख्य प्रोग्राम) सेगफॉल्ट म्हणजे क्रॅश दिसतो, लिबमटर-14 मध्ये (शेलची विंडो आणि स्क्रीन सांभाळणारी लायब्ररी). वेलँडमध्ये (स्क्रीनवर विंडो दाखवायची लिनक्सची नवी पद्धत) शेल हाच डिस्प्ले सर्व्हर, त्यामुळे तो पडला की त्याच्या अंगाखांद्यावरची सगळी अ‍ॅप्स जातात हे समजलं. क्रॅश झाला नाही तरी एक गोष्ट दिसते, एक्सआरअँडआरमध्ये (जोडलेल्या स्क्रीनची यादी दाखवणारी कमांड) मॉनिटर आधी डीपी-3 असतो तो लाईट आल्यावर डीपी-5 होतो आणि मग स्केलिंग, डावी-उजवी बाजू सगळं डिफॉल्टवर. मला वाटतं मूळ इथेच आहे, जुना कनेक्टर जायच्या आत नवा येतो आणि शेल गडबडतं.

करून पाहिलेलं: केबल बदलली, सगळी एक्स्टेन्शन बंद केली, एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल टाकला, मॉनिटर्स डॉट एक्सएमएल (स्क्रीनच्या सेटिंगची फाईल) उडवून नवीन सेटिंग केलं. फरक नाही. पीएसआर (वीज वाचवायला पॅनलने स्वतःच चित्र धरून ठेवणं) बंद करा असं बरेच जण सांगतात पण ते लॅपटॉपच्या पॅनलचं, तरी करून पाहिलं. एफडब्ल्यूयूपीडीमध्ये (लिनक्सवर फर्मवेअर अपडेट करायचं टूल) डॉक दिसतच नाही, म्हणजे फर्मवेअर तिथून जमणार नाही. मुख्य म्हणजे मॉनिटर थेट लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावला आणि मुद्दाम बोर्डावरचं बटण बंद-चालू केलं तर एकदाही क्रॅश नाही. डॉकमधून केलं की होतो.

एक्सऑर्गवर (वेलँडच्या आधीची जुनी पद्धत) लॉगिन केलं तर शेल पडलं तरी परत उठतं आणि क्यूजीआयएस जिवंत राहतं, पण तिथे 4केला 150 टक्के आणि लॅपटॉपला 100 टक्के असं धड जमत नाही, अक्षरं फुसकट दिसतात आणि दिवसभर त्यात गटाच्या हद्दी बघून डोळे दुखतात.

कोणाला एमएसटी बंद करून फरक पडलाय का? माझ्या मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट 1.1 / 1.2 असा पर्याय आहे, पण 1.1 केलं तर 4के 30 हर्ट्झवर येईल ना, आणि डॉकमधला हब तर तसाच राहील? दुसरं, प्लाझ्मा 6 वर (केडीईचा डेस्कटॉप) क्यूटी 6 ची (अ‍ॅप बनवायची लायब्ररी) अ‍ॅप्स क्रॅशमधून वाचतात असं वाचलं, पण माझं क्यूजीआयएस क्यूटी 5 वालं आहे, कोणी वापरतंय का असं? यूपीएस घेऊन डॉक-मॉनिटर त्यावर टाकणं सुचतंय, पण डॉकची वायर काढून लावतानाही अधूनमधून हेच होतं, म्हणून आधी मूळ सापडलं तर बरं.

व्हार-क्रॅश फोल्डरमधली क्रॅशची फाईल आणि त्या वेळचा डीमेसेज (कर्नलचा लॉग) ठेवलाय, लागेल तो भाग इथे टाकतो.