ऑफिसचा कॉम्प्युटर काल कोणी वापरला?

सुजाता, खजिनदार ए-१०४: नमस्कार. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेन्टेनन्सची एकही फाइल उघडत नाहीये. प्रत्येक नावामागे चार अक्षरं चिकटलीयेत, फोल्डरमध्ये ‘रीडमी’ चिठ्ठी. ९८० डॉलर मागतायत, ७२ तासांत दिले तर ४९०. सोमवारी ऑडिटर येणार. काल कोण बसलं होतं?

प्रधान बी-३०१: सॉफ्टवेअर लायसन्ससाठी एजीएमने १२ हजार मंजूर केले होते. मिनिट्स बघा. पैसे कुठे गेले?

गणेश सी-२०२: ४९० डॉलर म्हणजे किती?

मोहिते सी-५०२: तुझ्या थकबाकीपेक्षा कमी 😄

गणेश सी-२०२: थकबाकी नाही ती. आधी गच्चीची गळती काढा, मग मागा.

तन्मय बी-४०३: काकू, आधी नेटची वायर काढा. पेन ड्राइव्ह लावू नका, पैसे भरू नका. त्यावर कोणी विंडोज फुकटात चालू करून देणारा अ‍ॅक्टिव्हेटर चालवला होता का?

शिंदे, सचिव: छे. कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ येत होतं, ते भाच्याने परवा दहा मिनिटांत घालवलं. फुकट.

तन्मय बी-४०३: काका, तोच तो. अँटीव्हायरस बंद करायला लावला असेल.

शिंदे, सचिव: हो. म्हणाला, उगाच ओरडतो तो.

प्रधान बी-३०१: १२ हजार मंजूर होते. मिनिट्स बघा. पैसे कुठे गेले?

तन्मय बी-४०३: केएमएस ही विंडोजला मान्यता द्यायची, मायक्रोसॉफ्टनेच मोठ्या कंपन्यांना दिलेली सोय. कंपनीचा सर्व्हर मशीनला १८० दिवसांची मान्यता देतो. ही फुकटी टूल्स तसा खोटा सर्व्हर उभा करतात. त्यासाठी अ‍ॅडमिनचे हक्क द्यायचे, वर अँटीव्हायरस बंद. वॉचमनला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला किल्ली दिल्यासारखं. २०२१ मध्ये केएमएसपिको या अशाच टूलच्या नकली इन्स्टॉलरमधून पासवर्ड चोरणारा क्रिप्टबॉट पसरत होता. आपल्याकडचा स्टॉप-डिजेव्हीयू वाटतोय, फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस; तोही क्रॅकमधूनच, म्हणजे फुकटात लायसन्स तोडणाऱ्या टूलमधूनच येतो आणि बरेचदा पासवर्डचोर सोबत आणतो.

सुजाता, खजिनदार ए-१०४: अरे देवा. नेटबँकिंगचा पासवर्ड तिथेच सेव्ह आहे.

तन्मय बी-४०३: आत्ता फोनवरून बदला, बँकेला कळवा. खात्यातून काही गेलं असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

जोशीकाकू ए-२०३: उकडीच्या मोदकांची ऑर्डर आज रात्रीपर्यंतच 🙏 २१ चा डबा.

मोहिते सी-५०२: काकू, ७२ तासांत घेतले तर निम्मी किंमत?

अ‍ॅड. साने ए-४०१: कॉपीराइट कायदा, कलम ६३ब. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. सहज माहितीसाठी.

शिंदे, सचिव: सहज? ११ वर्षं फुकट राबतोय. ज्यांना कायदा येतो त्यांनी सचिव व्हावं. चाव्या देतो.

अ‍ॅड. साने ए-४०१: आपल्या सेवेबद्दल आदरच आहे.

तन्मय बी-४०३: चिठ्ठीच्या तळाशी पर्सनल आयडी आहे. शेवटी टी१ असेल तर फाइल फुकटात सुटायची थोडी आशा.

सुजाता, खजिनदार ए-१०४: नाही रे. के आणि ७.

प्रधान बी-३०१: मिनिट्स बघा. १२ हजार कुठे गेले?

शिंदे, सचिव: ऑफिसात आणि गेटवर कॅमेरे बसवले त्यातून! तुम्हीच मागे लागला होतात.

प्रधान बी-३०१: मग काल कोण बसलं होतं ते दिसेलच. रेकॉर्डिंग टाका ग्रुपवर.

शिंदे, सचिव: रेकॉर्डिंग त्याच कॉम्प्युटरवर आहे.