जर्मनीचे ब्लू कार्ड: ४६,५०० युरो निश्चित पगारावर मिळू शकते का?

मुळाकाठ
नमस्कार. मी यांत्रिकी अभियंता असून २०१३ साली बी. ई. झालो. तेव्हापासून चाकणच्या एका कारखान्यात ब्रेकच्या चाचण्यांचे काम करत आहे. श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली आहे. ऑफर लेटरमध्ये वार्षिक ग्रॉस पगार ४९,००० युरो लिहिला आहे, मात्र त्यातले २,५०० युरो कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस आहे. २०२६ साठी ब्लू कार्डाची (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वास्तव्य व कामाच्या परवान्याची) किमान पगारमर्यादा ५०,७०० युरो असल्याचे वाचले. कंपनीच्या एचआरचेही म्हणणे असे की ब्लू कार्ड बसणार नाही, कुशल कर्मचाऱ्यांचा साधा परवाना घ्यावा, व्यवहारात काहीच फरक पडत नाही. हे खरे आहे का? शिवाय माझे महाविद्यालय ‘अनाबिन’ या परदेशी शिक्षणसंस्था व पदव्यांच्या जर्मन यादीत सापडत नाही. पत्नी दंतवैद्य आहे. तिला तिथे काम करता येईल का, हेही कृपया सांगावे.

नेकारवासी
एचआरची दोन्ही विधाने चुकीची आहेत. निवृत्तिवेतन विम्याची वर्गणी ज्या कमाल पगारापर्यंत कापली जाते, त्या रकमेच्या निम्मी म्हणजे ब्लू कार्डाची सर्वसाधारण मर्यादा. म्हणूनच ती दर जानेवारीत बदलते (२०२५ मध्ये ती ४८,३०० होती). परंतु ज्या व्यवसायांत माणसांचा तुटवडा आहे, त्यांच्यासाठी ५० ऐवजी ४५.३ टक्के धरतात, आणि त्यानुसार २०२६ चा आकडा ४५,९३४.२० युरो येतो. अभियंते या गटात मोडतात. हमी नसलेला बोनस हिशेबात घेत नाहीत, तरीही तुमचे ४६,५०० उरतात, म्हणजे मर्यादेपेक्षा ५६५ युरो ८० सेंट जास्त. एवढेच की कमी मर्यादेवर अर्ज असला की संघीय रोजगार संस्थेची संमती लागते. पगार आणि कामाचे तास स्थानिक कर्मचाऱ्यांच्या तोडीचे आहेत की नाहीत, हे ती पाहते.

आता ‘फरक पडत नाही’ याविषयी. ब्लू कार्डावर कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो, आणि जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी गाठलेली असेल तर २१ महिन्यांनीच; साध्या परवान्यावर तीन वर्षे थांबावे लागते. त्याहून महत्त्वाची, पण फारसे कोणी न सांगणारी गोष्ट म्हणजे साधा परवाना सहा महिने देशाबाहेर राहिल्यास सामान्यतः रद्द होतो, तर ब्लू कार्डाला बारा महिन्यांची मुभा आहे. गावी आईवडील थकलेले असतील तर या सहा महिन्यांची किंमत कळते.

एक विचारतो: ऑफर लेटरमध्ये पदनाम काय लिहिले आहे?

बॉनची_पाटी
पदवीविषयी सांगते. अनाबिनमध्ये महाविद्यालयाचे नाव शोधू नका, पदवी देणारे विद्यापीठ शोधा. तुमची पदवी पुणे विद्यापीठाची असेल तर, २०१४ मध्ये त्याचा नामविस्तार झाला, त्यामुळे तुमच्या पदवीपत्रावर जुने नाव असेल आणि यादीत सावित्रीबाईंचे नाव दिसेल. त्याने गोंधळून जाऊ नये. संस्थेपुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) हा शेरा असावा लागतो आणि पदवीची नोंद वेगळी पाहावी लागते. दोन्ही पाने छापून अर्जाला जोडावीत. पदवीची नोंद सापडलीच नाही तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या केंद्रीय कार्यालयाकडून मूल्यांकनपत्र घ्यावे लागते, त्याचे शुल्क २०८ युरो आहे.

तुमच्या पत्नीला येण्यापूर्वी जर्मनची परीक्षा द्यावी लागणार नाही आणि आल्यावर कोणतीही नोकरी करता येईल. दंतवैद्यकी मात्र यात धरू नका. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, तिकडे त्याला ‘अप्रोबात्सिओन’ म्हणतात. रोजच्या व्यवहाराची बी-२ आणि व्यवसायाच्या भाषेची सी-१ पातळीची परीक्षा असते, शिवाय शिक्षण समकक्ष आहे का याची छाननी होते. माझ्या नणंदेने पुण्यात असतानाच बी-१ पूर्ण केले होते, तरी पुढचा टप्पा गाठताना तिचा जीव मेटाकुटीला आला. भाषेचा वर्ग त्यांनी आजच लावावा.

मुळाकाठ
मनःपूर्वक आभार. पदनाम ‘प्रकल्प समन्वयक’ असे आहे. प्रत्यक्ष काम मात्र चाचणी-पीठावरचेच आहे, मुलाखतीतही सगळे प्रश्न त्यावरच होते. आणखी एक शंका आहे: आई एकटी असते, तिला पुढे नेता येईल का?

नेकारवासी
गाठ नेमकी इथेच आहे. समन्वयक म्हटले की अर्ज तपासणारा माणूस त्याला व्यवस्थापकीय काम समजू शकतो, आणि मग तुम्हाला ५०,७०० ची मर्यादा लागू होते. व्हिसाच्या कागदांत कंपनीने भरून द्यायचा रोजगारविषयक निवेदनाचा फॉर्म असतो; त्यात कामाचे वर्णन, आठवड्याचे तास आणि पगार लिहायचा असतो. ‘प्रकल्पांचा समन्वय’ अशी एक ओळ खरडून न देता, कोणत्या चाचण्या, कोणती मापनयंत्रे, अहवालाची जबाबदारी कोणाची आणि या कामाला अभियांत्रिकीची पदवी का लागते, हे त्यांना लिहायला सांगा. पदनामही बदलून घ्या. अर्थात जे काम खरोखर करणार आहात तेच लिहिले जावे. उद्या तपासणी झाली तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

मध्यरात्रीची_एस_बान
आईबद्दल: १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर ज्यांना पहिल्यांदा ब्लू कार्ड किंवा कुशल कर्मचाऱ्यांचा परवाना मिळाला, त्यांना आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना आणण्याची तरतूद आहे. कागदावर ती सोपी दिसते. घोडे अडते ते आरोग्यविम्यापाशी, कारण सरकारी विम्याच्या कुटुंबयोजनेत आईवडील येत नाहीत आणि खाजगी विमा साठीपुढच्या माणसाला परवडेल अशा दरात मिळणे अवघड असते. मी वर्षभर प्रयत्न करून तूर्त नाद सोडला आहे.

नोकरी बदलण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सांगून ठेवते. ब्लू कार्डावर पहिल्या बारा महिन्यांत बदल केला तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते. ते ३० दिवसांपर्यंत बदल थोपवून तपासणी करू शकते. मी आठव्या महिन्यात बदल केला आणि जुन्या कंपनीचा राजीनामा आधीच देऊन बसले होते. तो महिना मी पोस्टाच्या पेटीकडे बघत काढला.

मुळाकाठ
एचआरशी आज बोललो. पदनाम ‘चाचणी अभियंता’ करायला ते तयार आहेत, आणि बोनसपैकी १,००० युरो हमीचे करण्याचीही तयारी दिसते. सुधारित करार हाती आला की फॉर्ममधले कामाचे वर्णन नावे झाकून इथे टाकतो. कृपया एकदा नजर टाकावी.