विषय: व्हेचा डबा आणि चिरंजीवांची पाठ

प्रेषक: ताशावाल्याची आई

मंडळी नमस्कार,

ढोलसरावाच्या मेलांमध्ये घरचं गाऱ्हाणं घुसवतेय, सांभाळून घ्या. मुलगा १९ वर्षांचा. जानेवारीपासून जिम, आणि जिमच्या मागोमाग ५ पौंडांचा व्हे प्रोटीनचा डबा घरात आला. रोज तीन स्कूप. मार्चपासून जबड्यावर आणि पाठीवर हे मोठाले मुरूम. परवा सरावात ताशाचा पट्टा मानेला घासला तर कळवळला पोरगा. मी म्हणते डबा बंद कर, तो म्हणतो पुरावा दाखव. कुणाकडे आहे का?

प्रेषक: खजिनदार काका

अहो, पावडर म्हणजे चक्क्याचं पाणीच की! आमची आई ते कणकेत घालायची, आम्ही नुसतंही प्यायचो. कुणाला काही झालं नाही. अंगात उष्णता असणार. रात्री सब्जा भिजत घाला.

ता. क. वर्गणी अजून १४ घरांची बाकी आहे.

प्रेषक: ढोल, दुसरी रांग

मावशी, मी तीन वर्षं घेतोय, एक पिंपल नाही. व्हेचे दोन प्रकार येतात, त्याला साधं कॉन्सन्ट्रेट सोडून जास्त गाळलेलं आयसोलेट घ्यायला सांगा.

प्रेषक: मंडळाच्या त्वचावाल्या डॉक्टरीणबाई

आधी काकांचा हिशोब. चीज करताना सुटणाऱ्या पाण्यात १०० मिलीला जेमतेम पाऊण ग्रॅम प्रोटीन असतं. २५ ग्रॅम प्रोटीनच्या एका स्कूपमागे असं तीन-साडेतीन लिटर पाणी लागतं. म्हणजे पोरगा दिवसाला दहा लिटरचा ऐवज रिचवतोय. तुमच्या कणकेत गेलं असेल वाटीभर.

व्हे पोटात गेलं की साखर नसतानाही इन्सुलिन वर जातं. दुधातल्या प्रोटीनने आयजीएफ-१ नावाचं वाढीचं हार्मोनही थोडं वाढतं. दोन्ही मिळून त्वचेतल्या तेलग्रंथींना कामाला लावतात, आणि या वयात त्या आधीच ओव्हरटाइम करत असतात. आयसोलेटमधून काढतात ते मुख्यतः लॅक्टोज आणि फॅट. प्रोटीन तेच, उलट जास्त. त्याने गॅसेस कमी होतील, मुरूम कशाला कमी होतील?

आता पुरावा. जॉर्डनच्या उत्तर भागातला एक अभ्यास २०२४ साली आला. मुरूम असलेल्या १०० तरुण मुलांपैकी ४७ जण व्हे घेणारे निघाले, मुरूम नसलेल्या १०१ पैकी २८. पण अशा अभ्यासात घाम, बाकीचं खाणं, इतर गोळ्या सगळं मिसळलेलं असतं. थायलंडमध्ये पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, तर व्हेच्या गटात मुरूम जास्त वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा कोर्टात डबा संशयाचा फायदा घेऊन सुटेल. माझ्या क्लिनिकमध्ये मात्र डबा बंद केल्यावर पाठ निवळलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि बंद करूनही जैसे थे राहिलेलीही. दुसऱ्या रांगेतल्या भाऊला काही झालं नाही हेही खरंच, प्रत्येकाची कातडी वेगळी.

त्यामुळे मुलाला म्हणावं, पुरावा स्वतःच्या पाठीवर गोळा कर. १२ आठवडे व्हे बंद, दर रविवारी त्याच खिडकीपाशी फोटो. एरवी मी सांगते की तोवर दुसरं काही बदलू नका. इथे नाही सांगणार. पट्टा लागून कळवळतो म्हणजे गाठी खोल आहेत, त्यांचे खड्डे कायमचे राहू शकतात. डॉक्टरची वेळ याच आठवड्यात घ्या. तोवर अ‍ॅडापलीन ०.१ टक्के हे मुरमांवरचं जेल रात्री, अमेरिकेत २०१६ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. पाठीला बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश. त्याने कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा टॉवेल पांढरा द्या आणि पथकाचा भगवा फेटा लांब ठेवा.

आणि तीन गोष्टी विचारा, ओरडू नका. पुटकुळ्या एकसारख्या बारीक आणि खाजऱ्या आहेत का? तसं असेल तर ते घामाने वाढणारं यीस्ट, म्हणजे बुरशी असू शकते, त्याचं औषध वेगळं. बी-१२ची इंजेक्शनं चालू आहेत का? आपल्या शाकाहारी घरांत हे कुणी विचारतच नाही, आणि त्यानेही पुरळ उठतं. जिममधल्या मित्राने ‘टेस्टो’ (म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषी हार्मोन) लिहिलेली एखादी बाटली दिलीय का? तिसऱ्याचं उत्तर तुमच्यासमोर मिळणार नाही. डॉक्टरकडे गेल्यावर तुम्ही बाहेर बसा.

प्रेषक: ताशावाल्याची आई

डॉक्टरीणबाई, खूप आभार. वेळ गुरुवारची मिळाली, मी बाहेर बसणार आहे. डबा दसऱ्यापर्यंत बंद. त्याची अट: रोज चार अंडी, दोन वेळा उसळ, आणि मी ‘बघ, मी म्हटलं होतं’ म्हणायचं नाही. पहिल्या दोन अटी जमतील.

अर्धा डबा उरलाय, चॉकलेट फ्लेवर. दुसऱ्या रांगेने शनिवारी सरावाला येताना पिशवी आणावी.