आवारातील झाडाची छाटणी: परवानगी लागते का?

प्रश्न: मुलुंडमधील आमच्या रहिवासी संघाच्या सभेत आवारातील जुन्या गुलमोहराचा विषय निघाला. त्याची एक फांदी मुलांच्या खेळण्याच्या जागेवर कलली आहे आणि पावसाळा तोंडावर आला आहे. आम्हीच माळी बोलावून ती छाटावी का?

उत्तर १: कृपया तसे करू नका. झाड खासगी आवारात असले तरी झाडांचे संरक्षण व जतन करणाऱ्या १९७५ च्या राज्य अधिनियमानुसार परवानगी आवश्यक असते. म्हणून महानगरपालिकेच्या टी विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे छायाचित्रांसह अर्ज द्यावा.

उत्तर २: तोपर्यंत ती जागा दोरी बांधून बंद ठेवा, मुलांच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये. फांदी कोसळल्यास महानगरपालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर कळवा. बुंध्याभोवती काँक्रीट असल्यास तेही काढून घ्या, कारण त्याने मुळे गुदमरतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अर्ज उद्याच देतो.