नेरळ-माथेरान घाटासाठी घरी ट्रेनरवर तयारी: पल्स चढते, वॅट घसरतात

मुलुंड_चाकं

आधी सेटअप सांगतो. ॲल्युमिनियमची रोड बाइक, पुढे ५०-३४ दात, मागे कॅसेटवर ११-२८ दात, ११ स्पीड. ट्रेनर (घरात सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) मागचं चाक रोलरवर टेकवायचा, स्मार्ट, खोक्यावर '१० टक्के चढ' लिहिलेलं. जागा म्हणजे चौथ्या मजल्यावरचा हॉल. एक खिडकी, छताचा पंखा आणि एक छोटा टेबलफॅन. वजन ७२ किलो, २० मिनिटांच्या टेस्टवरून एफटीपी (साधारण तासभर टिकणारी ताकद) २०० वॅट.

डिसेंबरमध्ये नेरळ ते दस्तुरी नाका (माथेरानचा गाडीरस्ता संपतो तिथवर) पाय न टेकवता चढायचंय. तोपर्यंत पावसामुळे बहुतेक सराव घरातच. अडचणी अशा:

१. १८० वॅटवर २० मिनिटांचे दोन सेट लावले की पहिल्यात पल्स १५२ ला स्थिर राहते. दुसऱ्यात १६० पासून सुरू होऊन १७४ पर्यंत जाते आणि शेवटी १६५ वॅटही निघत नाहीत.

२. ॲपमधला आल्पचा चढ व्यवस्थित पार होतो, पण ठाण्याजवळच्या येऊरच्या खऱ्या चढावर केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ५० च्या खाली येतो आणि मांड्या भरतात.

३. अर्ग मोडमध्ये (ट्रेनर ठरलेले वॅट धरून ठेवतो तो) केडन्स जरा पडला की पेडल अडकल्यासारखं होतं, मग फिरतच नाही.

४. इटलीच्या गन्नाचा ट्रॅकवरचा तासाचा विक्रम (एका तासात कापलेलं अंतर), टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोगाचारचे चढाचे वेळ हे सगळं आवडीने पाहतो. त्यातून हौशी माणसाने सरावात उचलावं असं खरंच काही आहे का?

दमटहवा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पायांत नाही, हॉलच्या हवेत आहे.

शरीराची कार्यक्षमता साधारण २०-२५ टक्के. पेडलवर १८० वॅट पोचवायला आत ८०० च्या आसपास जळतात, म्हणजे सहाशेहून जास्त वॅटची नुसती उष्णता. रस्त्यावर ताशी २५-३० किमीचा वारा ती उचलून नेतो. हॉलमध्ये तुम्ही जागच्या जागी. त्यात जुलैची मुंबई: हवा आधीच ओलीचिंब, त्यामुळे घाम वाळत नाही, टपकतो. टपकलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, थंडावा काही देत नाही. मग रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणीही कमी होतं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं आणि ठोके वाढतात. दुसऱ्या सेटमधले १७४ हे आहेत.

छताचा पंखा इथे जवळपास निरुपयोगी, तो खोलीतलीच गरम हवा घुसळतो. करायचं ते असं. ज्या खोलीत एसी आहे तिथे ट्रेनर हलवा. एक टनाचा एसीही सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो, म्हणजे तुमच्या सहाशे-सातशे वॅटना पुरून उरतो. पंधरा मिनिटं आधी लावा, २४-२५ वर ठेवा, दार बंद. खरं काम हवेतला दमटपणा काढण्याचं आहे, त्यामुळे १८ वर नेण्यात अर्थ नाही. तरीही पंखा लागतोच: १६ इंची किंवा मोठा, जोरदार पेडेस्टल, समोर मीटर-दीड मीटरवर, झोत छाती आणि तोंडावर. जमलं तर दुसरा मागून तिरका, पाठीवर. टेबलफॅन हँडलबारच्या खाली ठेवतात बरेच जण. त्याने गुडघे गार होतात, बाकी काही नाही.

एसी नसेल तर पहाटेची वेळ. दमटपणा तेव्हा जास्त असतो, पण तापमान दिवसातलं सर्वांत कमी आणि भिंती निवलेल्या असतात. एक पंखा अंगावर आणि दुसरा खिडकीत बाहेर तोंड करून लावा, म्हणजे तुम्ही तापवलेली हवा बाहेर जाईल. अशा दिवशी २० चे दोन सेट सोडा. १० चे चार, मध्ये ४ मिनिटं अगदी हलकं.

पाण्याचं मोजमाप सोपं. आधी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. जेवढं घटलं त्यात प्यायलेलं मिळवा. एक किलो म्हणजे एक लिटर घाम. मुंबईत तासाला लिटर-दीड लिटर सहज जातो. ओआरएसची डब्ल्यूएचओ सूत्राची पुडी एक लिटर पाण्यात टाकली की सोडियम सुमारे १.७ ग्रॅम होतं. ते जुलाबाच्या रुग्णासाठी. ट्रेनरवर तीच पुडी दोन लिटरमध्ये पुरते. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.

आणि घरातला एफटीपी वेगळा धरा. रस्त्यापेक्षा तो थोडा कमी येणं अगदी सर्वसाधारण आहे. बाहेरचा आकडा हॉलमध्ये रेटू नका.

कॅसेट३४

दुसरा आणि तिसरा प्रश्न एकच आहे: टॉर्क, म्हणजे क्रँक फिरवायला लागणारा जोर.

१८० वॅट ९० च्या केडन्सला म्हणजे क्रँकवर १९ न्यूटन-मीटर. तेच १८० वॅट ५० ला ३४, आणि ४० ला ४३. आकडा तोच, पायावरचा भार दुपटीहून जास्त. ॲपमध्ये तुम्ही ८५-९० ने चढता कारण ट्रेनर डिफिकल्टी (चढ पायाला किती जाणवू द्यायचा ती ॲपची सेटिंग) बहुधा मुळातल्या ५० टक्क्यांवर आहे. ८ टक्क्यांचा चढ पायाला ४ चा लागतो. वर पोचायला लागणारे वॅट तेवढेच, फक्त गिअर संपत नाहीत. येऊरला संपतात.

आता माथेरान. छोटी गाडी जवळपास हीच उंची २१ किमीत चढते, तिचा जास्तीत जास्त चढ २० ला १, म्हणजे ५ टक्के. रस्ता साधारण ८ किमीत तिथे नेतो. सरासरी ८ टक्क्यांच्या पुढेच धरा, वळणांवर १२ आणि त्याहून वर. तुम्ही, सायकल आणि बाटल्या मिळून ८३ किलो मानू. १८० वॅटवर ८ टक्क्यांना ताशी ९ किमी, १२ टक्क्यांना जेमतेम ६.२. त्या वेगाला ३४×२८ वर केडन्स येतो ४०. ३४×३४ वर ४९. हा फरक सरावाने भरून निघत नाही, कॅसेट बदला.

बदलताना तीन गोष्टी चुकतात. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) छोट्या पिंजऱ्याचा असेल तर ३४ घेत नाही. शिमानो १०५ आर७००० चा मध्यम पिंजऱ्याचा, जीएस, घेतो. जुनी चेन तशीच ठेवली तर पुढे-मागे दोन्ही मोठ्या चकत्यांवर ताणून डिरेलर तुटू शकतो. नवी चेन मोठी चेनरिंग आणि मोठ्या स्प्रॉकेटवर डिरेलर सोडून गुंडाळा, दोन कड्या जास्त ठेवून कापा, मग डिरेलरचा बी-स्क्रू आवळून त्याचं वरचं छोटं चाक (जॉकी व्हील) ३४ ला घासत नाही ना ते बघा. तिसरी गोष्ट दुकानातही राहून जाते: शिमानोची ११ स्पीड ११-३४ कॅसेट रोडच्या ११ स्पीड फ्रीहबवर (चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो. तो नसेल तर लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळूनही कॅसेट खुळखुळते.

अर्ग मोडचं अडकणं: ट्रेनर १८० वॅट धरून ठेवतो. केडन्स पडला की तो टॉर्क वाढवतो, त्याने केडन्स आणखी पडतो, की आणखी टॉर्क. झगडू नका. अर्ग बंद करा, दहा सेकंद मोकळं फिरवून ९० ला आणा, मग चालू करा. आणि कमी केडन्सचा सराव अर्गमध्ये करूच नका.

तुमच्या प्रकारच्या ट्रेनरची मर्यादाही सांगून ठेवतो. रोलरला ब्रेक लावायला वेग लागतो. छोट्या चेनरिंगवर ५० केडन्सने रोलर इतका हळू फिरतो की पुरेसा रोध येत नाही, जोर दिला तर टायर घसरतो. खोक्यावरचे १० टक्के ताशी ६ किमीसाठी नाहीत. म्हणून रेझिस्टन्स मोड (रोध एकदा ठरवून कायम ठेवायचा), पुढे ५०, आणि मागे असा गिअर की ५०-५५ केडन्सला हवे ते वॅट येतील. डायरेक्ट ड्राइव्ह (मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरला जोडायचा) असेल त्याने उलट करावं: पुढे ३४ आणि मागे मधलं स्प्रॉकेट. फ्लायव्हील हळू फिरतं, दर पेडलच्या वरच्या आणि खालच्या टोकाला ढकलावं लागतं, घाटात लागतं तसंच. आवाजही कमी.

टायरची हवा दर वेळी सारखीच, रोलरचा नॉब तेवढेच फेरे, १० मिनिटं गरम झाल्यावर स्पिनडाउन (वेग देऊन चाक मोकळं सोडायचं, त्यावरून ट्रेनर कॅलिब्रेट होतो). थंड टायरवर कॅलिब्रेट केलं तर टायर तापल्यावर आकडे सरकतात.

आठवडा असा पुरतो: एक दिवस ६ मिनिटांचे ५, ५०-५५ केडन्स, १७० ते १८० वॅट, बसूनच. दुसऱ्या दिवशी १२ मिनिटांचे ३, १९० वॅट, ६०-६५ केडन्स. पाऊस उघडला की रविवारी येऊर किंवा कान्हेरीचा चढ पुन्हापुन्हा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर त्या दिवशी कमी केडन्स बंद, आणि सीट खाली नाही ना हे आधी तपासा.

खालचा_मजला

आवाजाचं कोणी लिहिलं नाही. खालच्या घरात रोलरचा आवाज जात नाही, फरशीतून थरथर जाते. पातळ योगा मॅट काही करत नाही. खाली ईव्हीए फोमचे जोडायचे तुकडे, वर १०-१२ मिमीची रबर मॅट, आणि ट्रेनरच्या पायांखाली वॉशिंग मशीनचे रबरी पॅड. पॅडने ट्रेनर डुलत असेल तर पॅड काढा, मॅट ठेवा.

घामाचं मीठ सायकल खातं. हेडसेटचं (हँडल फिरतं तिथलं) वरचं बेअरिंग, स्टेमचे बोल्ट, आणि बारटेपच्या आत ॲल्युमिनियमचा हँडलबार. शेवटचा दिसतच नाही. टेप काढल्यावर पांढरी पूड आणि खड्डे दिसले तर तो बार वापरू नका, थेट बदला. टॉपट्यूबवर टॉवेल, नंतर ओल्या फडक्याने पुसणं आणि पावसाळ्यानंतर एकदा टेप उघडून बघणं एवढं करा.

मुलुंड_चाकं

ट्रेनर बेडरूममध्ये हलवतो, आणि डिरेलर छोट्या पिंजऱ्याचाच आहे, म्हणजे तोही बदलणार. चौथा प्रश्न राहिला. एक गडी ट्रॅकवर, एक डोंगरावर, पण दोघांचेही प्रयत्न तासाभराच्या आतबाहेरचे. माझा माथेरानही तेवढाच.

दमटहवा

उचलण्यासारखं बरंच आहे, फक्त दोघांचं वेगवेगळं.

ट्रॅकवर लढाई हवेशी. मर्क्सने १९७२ मध्ये ४९.४३१ किमीसाठी मेक्सिको सिटी गाठली ती २,२०० मीटरवरच्या विरळ हवेसाठी. २०१४ मध्ये नियम बदलून आजच्या पर्स्यूट सायकलींना (हवा कापायला बनवलेल्या ट्रॅकच्या सायकली) परवानगी मिळाली आणि विक्रमाला पुन्हा उधाण आलं: व्हॉइट ५१.११०, २०१५ मध्ये विगिन्स ५४.५२६, मग ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्रेंखेनला गन्ना ५६.७९२. बोर्डमनचे १९९६ चे ५६.३७५ नंतर बाद झालेल्या पोझिशनमधले होते, गन्नाने तेही मागे टाकले. स्त्रियांमध्ये व्हित्तोरिया बुस्सीने २०२३ मध्ये ५० किमी ओलांडले. या प्रयत्नांसाठी व्हेलोड्रोम मुद्दाम गरम ठेवतात, कारण २० ऐवजी ३० अंशाला हवेची घनता तीनेक टक्क्यांनी घटते. गडी तापतो, पण सायकल सुटते, म्हणून तो सौदा परवडतो. ट्रेनरवर कापायला हवाच नाही. तिथे उष्णतेचा फक्त तोटा, फायदा शून्य. एसीबद्दल एवढं लिहिलं ते त्यासाठी.

हवेत वेग १० टक्के वाढवायला जवळपास ३३ टक्के जास्त ताकद लागते. घाटात हिशेब सरळ: १० टक्के वॅट, जवळपास १० टक्के वेग. पोगाचारने २०२४ च्या टूरमध्ये प्लातो द बेय हा चढ, १५.८ किमी आणि ७.९ टक्के, ४० मिनिटांच्या आत चढला. म्हणजे तासाला १,८५० मीटरहून जास्त उंची. तुमचं १८० वॅटवर ७३० च्या आसपास येतं, त्यावरून ८ टक्क्यांच्या ८ किमीला ५०-५५ मिनिटं. आणि ८३ किलोतला एक किलो गेला तर सुमारे ४० सेकंद. वर थंड पाणी मिळतं, दोन भरलेल्या बाटल्या न्यायची गरज नाही.

पण सगळ्यांत मोलाचं आहे ते वाटणी. तासाच्या विक्रमात लॅप एकसारखे ठेवतात, सुरुवातीला जादा खर्चलेलं शेवटी परत मिळत नाही. तुमच्यासाठी: पहिली दहा मिनिटं पाय कितीही हलके वाटले तरी १७० च्या वर नाही. १२ टक्क्यांच्या वळणांवर आपोआप २२० होतील, ते होऊ द्या, पण वळण संपलं की परत १७०-१७५. वळणाच्या आतून जाऊ नका, तिथे चढ सर्वांत जास्त. मागून गाडी नाही हे पाहून बाहेरून घ्या.

कॅसेट३४

उतरण्याचं राहिलं, आणि ते चढण्याइतकंच अवघड आहे. ८ किमी ब्रेक दाबून ठेवलेत तर रिम ब्रेकची रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि ब्रेक लागेनासे होतात. सरळ पट्ट्यात सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, वेग पुरता पडला की पुन्हा सोडा. हाताने रिम चाचपायची असेल तर थांबून, आणि लगेच बोट काढून. नेरळच्या टॅक्सी चढताना वळणं मोकळी घेतात, म्हणून आंधळ्या वळणावर डावी कड सोडू नका. शनिवार-रविवार टाळा, आठवड्यातली सकाळ धरली तर रस्ता बराच रिकामा मिळतो. निघण्याआधी पॅडची जाडी बघा, खाच दिसेनाशी झाली असेल तर घरीच बदला.