घरी फ्रिज नाही, डोळ्यांत घालायचे सीरम ड्रॉप्स कसे टिकवायचे? मदत हवी आहे

गोवंडीतल्या धर्मादाय दवाखान्यातला रुग्ण. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमनंतरचे (त्वचा आणि डोळ्यांना इजा करणारा गंभीर आजार) कोरडे डोळे, शर्मर (कागदी पट्टीने अश्रू मोजायची चाचणी) दोन्हीकडे २ मिमी, उजव्या कॉर्नियावर तीन आठवडे न भरलेला इपिथेलियल डिफेक्ट (वरच्या थराची जखम). स्क्रेपिंगमध्ये (खरवडून घेतलेल्या नमुन्यात) जंतू किंवा बुरशी नाही. पापण्यांचे केस आत वळलेले होते, ते काढले.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ०.५% सीएमसी (कृत्रिम अश्रू) दर तासाला चालू आहे. पंक्टा (अश्रू वाहून जाणारी छिद्रं) कॉटरीने डागून बंद केले. सूज कमी करणाऱ्या सायक्लोस्पोरिन थेंबांनी इतकी आग झाली की थांबवावं लागलं. बँडेज लेन्स (जखमेवर संरक्षणाला बसवायची) टाळतोय, कारण संसर्ग होऊन लाल डोळा झाला तर हा माणूस त्याच दिवशी येऊ शकेल याची खात्री नाही. स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) परवडणारी नाही.

आता २०% ऑटोलॉगस सीरम (रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेलं) द्यायचंय. रक्ताची गुठळी होऊ देणं, सेंट्रिफ्यूज, सलाइनमध्ये निर्जंतुक पातळ करणं आमच्याकडे जमतं. उणे २० अंशांचा फ्रीझरही आहे. अडचण पुढची. उघडलेली बाटली ४ अंशांच्या आसपास हवी, प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याने जंतू पटकन वाढतात, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होतं हे मुंबईकरांना सांगायला नको. रोज येणं म्हणजे रोजंदारी बुडणं. आठवड्यातून दोनदा जमेल.

एकेका दिवसाच्या छोट्या बाटल्या बर्फाच्या थर्मासमध्ये देऊन कुणी तीन दिवस तापमान मोजलंय का? की अशा रुग्णात बोट टोचून स्वतःच्या रक्ताचा थेंब दिवसातून चारदा घालणं जास्त सुरक्षित ठरेल?